सीएल आठ, सलाइन तेरा

नॅटालिझुमॅब हे औषध दर चार आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं. म्हणजे वर्षाला १३ वेळा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मिळणाऱ्या सीएल, म्हणजे किरकोळ रजा, आठ. पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करणाऱ्या एका महिलेला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असल्याचं निदान झालं, तेव्हा हा हिशेब तिला कुणी मांडून दाखवला नाही. सीएल संपल्यावर तिने पीएलला, म्हणजे साठवता येणाऱ्या हक्काच्या रजेला, हात घातला. दिवाळीच्या सुमारास आजार उसळला, तेव्हा एकही रजा शिल्लक नव्हती. पुढचं सगळं आजारपण बिनपगारी गेलं.

आता नव्या रुग्णांना ती पहिली गोष्ट सांगते: ठरलेल्या उपचारांवर पीएल खर्च करू नका.

कारण एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. औषधांनी हे हल्ले कमी होतात, पण थांबतीलच असं नाही. अचानक नजर धूसर होते किंवा पाय जड पडतो. मग तीन ते पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोनचं सलाइन लागतं. या स्टेरॉइडने झोप उडते, आणि सलाइन संपलं तरी सावरायला कित्येक आठवडे लागू शकतात. पीएल हवी ती यासाठी. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक या हिशेबाने ती मिळते आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

ठरलेल्या तारखांची सोय वेगळी करता येते. नॅटालिझुमॅबचं सलाइन साधारण तासाभराचं, त्यानंतर थोडा वेळ देखरेखीखाली थांबायचं. सकाळचा पहिला नंबर मिळाला तर अर्ध्या दिवसाची रजा पुरते. ऑक्रेलिझुमॅब हे एमएसचं दुसरं औषध सहा महिन्यांतून एकदाच, पण त्याआधीच्या ॲलर्जीविरोधी इंजेक्शनने गुंगी येते. त्या दिवशी घरून काम करायचा शब्द साहेबांना देऊ नये. आठवड्याला इंटरफेरॉन घेणारे अनेक जण ते शुक्रवारी रात्री टोचून घेतात, म्हणजे अंगातली कणकण शनिवारी निभते. औषध कोणतं, हे डॉक्टर ठरवतील. नोकरीचं स्वरूप मात्र आपणच त्यांच्या कानावर घालायचं. महिनाअखेरीची गडबड आहे म्हणून डोस परस्पर पुढे ढकलणं धोक्याचं, कारण नॅटालिझुमॅब मध्येच बंद पडलं तर आजार दुप्पट जोराने उलटू शकतो.

ऑफिसात सांगायचं कुणाला आणि किती? तिने एचआरला आजाराची फाइल दिली नाही, डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यात मोजक्या मागण्या होत्या: दर चार आठवड्यांनी अर्धा दिवस, एसीजवळची जागा, एप्रिल-मेमध्ये शक्य तेवढं घरून काम. उकाड्याने शरीर तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. या परिणामाला विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाचं नाव आहे; श्रमाने नजर तात्पुरती मंदावते, हे त्याने १८९० मध्येच नोंदवलं होतं. त्यामुळे एसीची जागा ही चैन नाही, हे पत्रात लिहिलेलं बरं.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते एचआरकडे मागावं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्डासाठी अर्जही लवकर करावा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

थकव्याला कंटाळून राजीनामा लिहायच्या आधी मेडिक्लेमचे कागद वाचावेत, यावर तिचा विशेष भर असतो. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरला जातो. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, शिवाय विमा कंपनी अर्ज नाकारूही शकते. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, आणि दिवसभरात उरकणारं सलाइन त्यात बसतं का, ही दोन्ही उत्तरं नोटीस देण्याआधी ईमेलवर मागून घ्यावीत.