क्रियापद एकटं पाठ करू नकोस

अगं छोटे, परवा फोनवर किती रडकुंडीला आली होतीस! "ताई, एकट्या 'लुक'चे किती अर्थ पाठ करू?" आता निवांत ऐक.

ती फ्रेजल व्हर्ब्जची लांबलचक यादी आधी कपाटात टाक. 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'लुक इन्टू' एकाखाली एक घोकलेस की पेपरात नेमकी त्यांचीच गल्लत होणार. एका वेळी एकच घे आणि घरातलंच वाक्य कर: 'आय लुक आफ्टर माय ग्रँडमदर.' संध्याकाळी आजीला औषध देताना तेच मोठ्यानं म्हण. ते अंगवळणी पडलं की मगच पुढचं.

मग त्या वाक्यात नामाऐवजी सर्वनाम घालून बघ. खरी मेख इथेच आहे. शाळेतून भावाला आणायचं तर 'पिक अप माय ब्रदर' चालतं, 'पिक माय ब्रदर अप'ही चालतं. पण 'पिक अप हिम' अजिबात नाही, 'पिक हिम अप'च. 'लुक आफ्टर'ची मात्र फोड होत नाही, तिथे 'लुक आफ्टर हर'च. नियम वाचून हे लक्षात राहत नाही गं. तोंडात बसलं की चुकीच्या जागी जीभच अडते.

प्रिपोझिशनचं दुखणं वेगळं. आपण 'त्याच्याशी लग्न' म्हणतो, म्हणून 'मॅरीड विथ' येतं. हवं 'मॅरीड टू'. 'त्याबद्दल चर्चा' म्हणतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. तिथे तर काहीच नको, नुसतं 'डिस्कस द प्लॅन'. आणि 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' नाही, 'मीटिंग यू' येतं. तो 'टू' प्रिपोझिशन आहे, हे विसरू नकोस.

रेमंड मर्फींचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' आहे ना तुझ्याकडे? त्यात शेवटाकडे प्रिपोझिशन आणि फ्रेजल व्हर्ब्जचे धडे आहेत. डावीकडे समजावलंय, उजवीकडे स्वाध्याय. उजवं पान पेन्सिलनं सोडव, म्हणजे खोडून पुन्हा सोडवता येईल. शिवाय इंग्रजी पेपरातला एखादा परिच्छेद प्रिपोझिशन गाळून वहीत उतरव आणि दुसऱ्या दिवशी जागा भर. पर्याय समोर ठेवायचे नाहीत हं. केंब्रिजच्या 'बी-टू फर्स्ट' परीक्षेतही एका प्रश्नात 8 गाळलेल्या जागा अशाच, बिनपर्यायाच्या असतात.

रविवारी मी फोन करेन. आठवडाभरातली तुझी वाक्यं वही न बघता म्हणून दाखव.