टायमिंग चेनची जुळणी : दोन फेऱ्यांची तपासणी

इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधताना टायमिंग चेन बसविण्यास वेळ थोडाच लागतो, परंतु तेथील चूक सर्वांत महाग पडते. कार्यशाळेत हा पाठ देताना आम्ही आधी फळ्यावर गणित मांडतो. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला दाते दुप्पट. समजा, क्रँकला २० आणि कॅमला ४० दाते आहेत. एक दाता चुकला की कॅम ९ अंशांनी, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांनी सरकतो. एवढ्यानेही गाडीची ओढ जाते. फरक वाढला तर पुष्कळ इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतो.

जुन्या मारुती ८०० ला चेनऐवजी पट्टा होता. के-मालिकेच्या इंजिनांत चेन आली. मागे एका पालकांची भाड्याने चालणारी गाडी आमच्याकडे बांधणीस आली होती. घर त्याच गाडीवर चालत होते. मुलांनी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर आणला, रंगीत कड्या स्प्रॉकेटवरील खुणांशी जुळविल्या, टेन्शनरची पिन काढली. सारे नेमके दिसत होते. आम्हीही मान डोलावली, आणि ती घाई आमचीच होती.

पुढचे झाकण लावण्यापूर्वी प्लग काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावला व इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरविले. क्रँकची खूण जागेवर आली. कॅमची एक दाता मागे राहिली. कारण साधे होते. क्रँक ज्या बाजूने चेन स्वतःकडे ओढतो ती बाजू ताणलेली हवी, सारी ढील टेन्शनरच्या बाजूस हवी. येथे थोडी ढील ओढीच्या बाजूस राहून गेली होती. क्रँकने आधी तीच खेचून घेतली, आणि मग कॅम हलला.

याच वेळी एका मुलाने विचारले, "गुरुजी, रंगीत कड्याही जागेवर नाहीत, मग चेनच चुकीची आहे का?" प्रश्न चांगला होता. दोन फेऱ्यांत चेन फक्त ४० कड्या पुढे जाते. तिची लांबी त्याहून अधिक असल्याने रंगीत कड्या लगेच परत येत नाहीत. त्या केवळ बसविण्यापुरत्या. तपासणी स्प्रॉकेटच्या खुणांवरच करावी.

फिरविताना खूण ओलांडली गेली तर उलटे फिरवू नये, ढील भलत्या बाजूस जाते. आणखी दोन फेऱ्या पूर्ण कराव्यात. पाना मध्येच अडला तर जोर न लावता थांबावे.

त्या संध्याकाळी चेन पुन्हा काढून बसविली, दोन फेऱ्या दोनदा मोजल्या, मगच झाकण लावले. दुसऱ्या दिवशी प्लगची जोडणी न करता सेल्फ मारून तेलाचा दाब चढविला. कारण अनेक इंजिनांत टेन्शनर त्याच दाबावर चेन ताणून धरतो. दुपारी गाडी स्टँडवर गेली.