काचेच्या पेटीतील शेजार

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात एक मत्स्यपेटी आहे. अलीकडच्या काळात शाळेला भेट दिलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ती पाहिली असेल. एका पालकांनी ती भेट दिली, तेव्हा विज्ञानाचे शिक्षक प्रशिक्षणासाठी गेलेले असल्याने तिची व्यवस्था इतिहास शिकवणाऱ्या माझ्याकडे आली. भाजे आणि बेडसे येथील लेण्यांतील पाण्याच्या पोढींविषयी मी मुलांना तासभर सांगू शकतो. भाज्याच्या एका पोढीवर ती दान देणाऱ्या महारठी विण्हुदत्ताचे नाव ब्राह्मीत कोरलेले आहे, हेही मला ठाऊक होते. परंतु काचेच्या पोढीत कोणी कोणासोबत राहावे, याविषयी मी पूर्ण अज्ञानी होतो. त्या अज्ञानाची किंमत मी मोजली नाही, माशांनी मोजली. म्हणून हा लेख.

पेटीची लांबी 60 सेंटिमीटर, रुंदी 30 आणि उंची 30. गुणाकार केला तर 54 लिटर होतात. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी 45 लिटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन-चार कळशा. एवढ्या पाण्यासाठी मी पुण्याहून दोन गोल्डफिश, एंजलची एक जोडी, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, एक फायटर आणि ‘काच साफ ठेवतो’ असे ऐकले म्हणून एक सकर आणला. निवड रंगांवरून केली होती. दुकानदाराने मी मागितले ते दिले, दोष माझाच.

तीन आठवड्यांत अर्ध्याहून अधिक मासे गेले. वसतिगृहातील मुले प्रत्येक माशाला पेरूच्या झाडाखाली पुरत. पाचवीतील एका मुलीने विचारले, “सर, ते भांडले का?” मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. पुढे वाचू लागलो, विज्ञानाच्या शिक्षकांशी बोललो, तेव्हा कळले की ते उत्तर अर्धेच खरे होते.

भांडण झाले होते, हे खरे. टायगर बार्ब हा कळपाचा मासा. सहा-आठ असले तर त्यांची चढाओढ आपसांत चालते. चारच ठेवले की ती शेजाऱ्यांवर निघते. एंजलचे लांब पर आणि फायटरची झुलती शेपटी त्यांनी कुरतडून टाकली. एंजल मात्र निऑनना खात होते. त्यात क्रौर्य काही नाही. जो तोंडात मावतो तो आहार, हा माशांचा साधा नियम. दुकानात रुपयाएवढा दिसणारा एंजल पुढे तळहाताएवढा होतो आणि निऑन मात्र जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचाच राहतो. म्हणून मासा निवडताना त्याचे आजचे रूप पाहू नये, त्याचा पूर्ण वाढीचा आकार विचारावा. आमचा बोटाएवढा सकर वाढून फूट-दीड फुटाचा होणार होता, म्हणजे पेटीच्या रुंदीत त्याला वळताही आले नसते. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे एक पिल्लू तर प्रत्यक्षात पंगास असते. तो खाण्यासाठी तळ्यांत वाढवला जाणारा, मीटरभर लांबीचा मासा आहे.

परंतु बहुतेक मासे भांडणाने मेलेच नाहीत. ते पाण्याने मेले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते मासे बऱ्याच अंशी सोसतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वसतात, आणि त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पेटी सकाळी भरली आणि संध्याकाळी सोळा मासे सोडले! त्यांत गोल्डफिश हा सर्वांत जास्त घाण करणारा. वर पाणी गढूळ दिसले म्हणून मी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. नळाच्या पाण्यातील क्लोरिन जिवाणू मारण्यासाठीच असते, हे शिक्षकाला सुचू नये याचे आजही वाईट वाटते. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. साध्या क्लोरिनचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवले तरी चालते.

आता आपल्या मावळच्या हवेविषयी. माशांवरील पुस्तकांतील सल्ला बहुधा उबदार पाण्याचा असतो. लोणावळ्याचा पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीतील रात्री त्या पुस्तकांना ठाऊक नाहीत. व्हरांड्यातील पेटीत हिवाळ्याच्या पहाटे पारा 18 अंशांपर्यंत उतरलेला आमच्या नोंदवहीत आहे. एंजल आणि फायटर यांना 24 अंशांच्या वर बरे वाटते, गोल्डफिशला गारवा मानवतो. म्हणजे एकाच पाण्यात कोणीतरी सतत सोसतच राहणार. हीटर लावता येतो, पण पावसाळ्यात वीज गेली की हीटरही जातो आणि एअरपंपही. दुसरी गोष्ट पाण्याच्या स्वभावाची. पावसाचे साठवलेले पाणी मृदू असते, ते निऑनना रुचते. मॉलीला मात्र क्षारयुक्त, कठीण पाणी हवे. मावळातच बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी, त्यामुळे शेजारच्या घरी मॉली जगली म्हणून आपल्याकडे जगेलच असे नाही.

उरले होते दोन गोल्डफिश, एक एंजल, दोन बार्ब आणि सकर. नववीच्या मुलांनी एकमताने ठरवले की यांना इंद्रायणीत सोडून जीवदान द्यावे. भावना सुंदर होती. मला त्यांना थांबवावे लागले, आणि थांबवताना मला माझा विषय उपयोगी पडला.

इंद्रायणी आपल्या कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते. तिच्या खोऱ्यातील वळवण तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेतला, त्याचे पाणी घाट उतरून खोपोलीला जाते आणि तिथे 1915 पासून वीज होते. याच वळवणला 1970च्या दशकापासून महाशीर माशांची पैदास केली गेली. धरणांमुळे नदीतील महाशीर घटत होता, म्हणून त्याची अंडी फलित करून, बोटुकली वाढवून जलाशयांत सोडण्याचे हे काम. त्या माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, त्यात 1839 साली मुळा-मुठेच्या या माशाचे वर्णन केले. कितीतरी माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावेच दिली. ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘नुकटा’ अशी आपल्या कोळी-भोयांची नावे त्यामुळे लॅटिन होऊन जगभर गेली. (इतिहासाच्या पुस्तकांत साइक्स येतो, ती नावे सांगणारे मात्र येत नाहीत.)

मावळात ही गोष्ट भल्याचीच होती. परंतु लोणावळ्याची ही बोटुकली पुढे कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महाशीर आहे, तो जगात दुसरीकडे कुठेच नाही. गळ टाकणाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की बाहेरून आलेला निळ्या परांचा महाशीर वाढत गेला आणि कावेरीचा मूळचा मासा मिळेनासा झाला. 2018 साली त्या कुबडाच्या महाशीराची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. वाळूउपसा, धरणे, सुरुंगाने होणारी मासेमारी हीही कारणे आहेतच. तरीही मुळा-मुठेत जो घरचा, तो कावेरीत उपरा ठरला. मुलांना मी विचारले, “मग सकर तर दक्षिण अमेरिकेचा. तो इंद्रायणीत काय करील?” आपल्या देशातील अनेक नद्या-तलावांत तो आधीच पसरला आहे, त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. मुले गप्प झाली. करुणेला प्रज्ञेची जोड का हवी, हे आपण प्रार्थनेच्या तासाला सांगतो. त्या दिवशी ते एका बादलीपाशी उभे राहून समजले.

ते मासे तळेगावच्या एका परिचितांच्या छपराखालील, पाणी बाहेर न वाहणाऱ्या हौदात गेले. त्यानंतर पेटी सहा आठवडे माशांविना चालवली. फिल्टर सुरू, चिमूटभर खाद्य आणि पाणवनस्पती एवढेच. पाहुणे विचारत, रिकामी का? मुले उत्तर देत, “रिकामी नाही, जिवाणू आहेत.”

मग एकच जात आणली. आठ झेब्रा मासे. गंगेच्या खोऱ्यातील हा चार सेंटिमीटरचा मासा 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टनने नोंदवला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकतेच्या अभ्यासाला वापरला जातो. 18 ते 25 अंशांत तो सुखाने राहतो, म्हणून आम्हांला हीटर लागत नाही. कळपाने पोहतो, स्वतःची अंडी स्वतःच खातो, त्यामुळे संख्या भडकत नाही. गप्पी घ्यायच्या तर नुसते नर घ्यावेत. एका मादीला दर महिन्याला वीस-तीस पिल्ले होतात आणि ती नर नसतानाही महिनोन्‌महिने होत राहतात. मग पुन्हा कोणाला तरी नदीची आठवण येते.

आज तीन वर्षे होत आली. आठांपैकी सहा आहेत, दोन वयाने गेले. विद्यार्थी रोजचे तापमान लिहितात. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर मासे उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. मेच्या सुटीत मात्र स्वयंपाकघरातील ताई दिवसाआड चिमूटभर खाद्य घालतात. चमचाभर घालू नये म्हणून पुड्या आधीच बांधून ठेवतो.

माजी विद्यार्थी प्रेमाने येताना पिशवीत मासे घेऊन येतात, गेल्या वर्षी दोघे आले. त्यांना परत पाठवणे अवघड जाते. भेट द्यायचीच असेल तर पेटीला जाळीचे चांगले झाकण हवे आहे. झेब्रा उडी मारतो, आणि सध्या आम्ही वर्गातील जुना नकाशा झाकून काम भागवत आहोत.