बिनतारी जोडणीचा दुभाषी



वार्षिकाच्या या पानांवर मी आजवर भाषा व इतिहास या माझ्या विषयांवरच लिहीत आलो. यंदा मात्र अंगठ्याएवढ्या एका वस्तूविषयी लिहिण्याचा विचार आहे. कला शाखेच्या पदवीधराने यंत्राच्या भानगडीत पडावे काय, असे कोणी विचारील. परंतु या वस्तूने आम्हांला जो धडा दिला, तो माझ्या मते व्याकरणाच्या धड्याहून फारसा निराळा नाही.

प्रसंग असा घडला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. आपल्या संगणक-खोलीतील मेजावरचे संगणक जुने असल्यामुळे त्यांत बिनतारी जोडणीची सोय मुळात नाही. म्हणून प्रत्येकाच्या मागे यूएसबीच्या खाचेत एक छोटा ॲडाप्टर लावलेला आहे. एका विद्यार्थिनीचा अर्ज भरावयाचा होता. उत्पन्नाचा दाखला चढविताना जोडणी तुटली. पुन्हा भरला, पुन्हा तुटली. असे चार वेळा झाले. तिचे वडील दिवसाची मजुरी बुडवून दाराशी उभे होते. अखेरीस एका सहशिक्षकांनी आपला मोबाइल तारेने संगणकाला जोडून त्यावरून इंटरनेट घेतले आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज गेला. त्या दिवशी निभावले. पण ‘यंत्रच वाईट’ म्हणून स्वस्थ बसणे मला प्रशस्त वाटेना. दहावीच्या काही मुलांना बरोबर घेऊन आम्ही कारण शोधावयास लागलो. त्या शोधाची हकीकत म्हणजेच हा पाठ होय.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ॲडाप्टर म्हणजे एक लहानसा रेडिओ. तो संदेश पाठवितो आणि घेतोही. तारेवाचून लहरी पाठविता येतात हे आपल्या देशात जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात दाखवून दिले होते. संगणकांच्या बिनतारी जाळ्याचा पहिला सर्वमान्य नियम १९९७ मध्ये ठरला. यूएसबी ही जोडणीची पद्धत १९९६ ची. ती सिद्ध करणाऱ्या इंटेलमधील मंडळींत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. आज घरोघरी दिसणारी बिनतारी जोडणी याच दोन पट्ट्यांवर चालते.

आता मुख्य प्रश्न असा की, हा रेडिओ संगणकाशी बोलतो कसा? येथे आपल्या हैदराबादचाच दाखला घ्या. माझी मातृभाषा कोंकणी. घरी आम्ही ‘उदक’ म्हणतो, तुम्ही ‘पाणी’ म्हणता, शेजारच्या तेलुगू काकू ‘नीळ्ळु’ म्हणतात. वस्तू एकच, परंतु शब्द न कळला तर तहानलेला तहानलेलाच राहील. १९५६ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कानडी व उर्दू अशा चार भाषा नांदत होत्या. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून द्यावयाचे ठरले तेव्हा आधी १९१७ मध्ये ग्रंथांच्या भाषांतरासाठी ‘दार-उल-तर्जुमा’ हे स्वतंत्र खाते उभारावे लागले; कारण दुभाष्यावाचून दोन भाषांचा व्यवहार होत नाही. संगणकातही नेमके हेच आहे. विंडोजची एक भाषा, ॲडाप्टरमधील चिपची दुसरी. या दोहोंमध्ये जो दुभाषी बसतो त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरशी त्याचा नामसाम्यापलीकडे फारसा संबंध नाही, हे ध्यानात ठेवावे.

हा दुभाषी संगणकाच्या दिवाणखान्यात नव्हे, थेट गाभ्यात बसतो. त्यामुळे त्याने चूक केली तर एखादा कार्यक्रमच बंद पडतो असे नाही. कधी कधी सारा संगणक निळा पडदा दाखवून थांबतो. शिवाय तेथे कोणी लबाड शिरला तर त्याच्यापासून काहीच सुरक्षित राहत नाही. म्हणूनच २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून, सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात घेऊ नये असा विंडोजचा नियम झाला. आणि विंडोज १० च्या २०१६ मधील सुधारणेपासून गाभ्यातील नव्या ड्रायव्हरांवर खुद्द मायक्रोसॉफ्टचीच सही आवश्यक ठरली. तेव्हा सहीची तपासणी बंद करून ड्रायव्हर बसविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

आमच्यापुढील कोडे असे होते. एकाच नावाचे दोन ॲडाप्टर आम्ही कोटीच्या बाजारातून एका वर्षाच्या अंतराने आणले होते. खोके तेच, रंग तोच, किंमतही जवळजवळ तीच. पहिला उत्तम चाले. दुसरा दर दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी सोडी. मुलांनी साहजिकच पहिल्याचा ड्रायव्हर दुसऱ्याला लावून पाहिला. विंडोजने तो घेण्याचे नाकारले. दोन जुळ्या भावांची भाषा निराळी कशी, याचे सर्वांना नवल वाटले.

याचे उत्तर असे आहे की, खोक्यावरचे नाव विकणाऱ्याचे असते. आतील चिपचे नसते. ॲडाप्टर विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, पण त्यांच्या चिपा बनविणाऱ्या थोड्याच. तैवानची रिअलटेक ही त्यांपैकी एक; तैवानचीच मीडियाटेक दुसरी, जिने २०११ मध्ये राॲलिंक ही कंपनी आपल्यात सामावून घेतली; त्याच वर्षी ॲथेरॉस ही क्वालकॉमकडे गेली. विकणारी कंपनी पुढील खेपेस दुसऱ्याची चिप घालते आणि नाव तेच ठेवते. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. फरक दाखविणारी खूण म्हणजे मागील चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलेला आवृत्तीचा आकडा; आणि तो वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही.

मग खरे नाव कोठे मिळते? प्रत्येक यूएसबी वस्तू संगणकात लावताच आपले दोन क्रमांक सांगते. पहिला कंपनीचा, त्याला ‘व्हीआयडी’ म्हणतात. दुसरा वस्तूचा, तो ‘पीआयडी’. प्रत्येक क्रमांक चार स्थानांचा असून तो सोळाच्या पटीत मोजतात. म्हणून त्यांत ० ते ९ या अंकांबरोबर ए ते एफ ही रोमन अक्षरेही येतात. गणिताच्या विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे : चार स्थानांत अशा ६५,५३६ संख्या बसतात. रिअलटेकचा कंपनी-क्रमांक ‘०बीडीए’, राॲलिंकचा ‘१४८एफ’. ‘०बीडीए’ पुढे ‘८१७९’ आले तर ती रिअलटेकची ‘आरटीएल८१८८ईयूएस’ ही चिप होय. मात्र विकणारी कंपनी कधी कधी आपला स्वतःचा क्रमांकही घालते. म्हणून दोन्ही क्रमांक मिळून ओळख पटवावी, एकट्या पहिल्यावर विसंबू नये.

हे क्रमांक पाहण्यासाठी स्टार्टच्या खुणेवर माउसची उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. ‘नेटवर्क ॲडाप्टर्स’ या मथळ्याखाली, आणि ड्रायव्हर मुळीच बसला नसेल तर ‘अदर डिव्हाइसेस’ खाली, आपली वस्तू सापडेल. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की दोन्ही क्रमांक दिसतात. मुलांनी ते वहीत उतरविले मात्र, कोडे सुटले : आमचे दोन ॲडाप्टर दोन निराळ्या चिपांचे होते.

खरे नाव कळल्यावर दुभाषी कोठे शोधावा, याचा क्रम ठरवून घ्यावा. पहिली जागा विंडोज अपडेट. त्यात ऐच्छिक सुधारणांखाली ड्रायव्हरांची निराळी यादी असते. दुसरी जागा वस्तू विकणाऱ्या कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. तेथे वस्तूचे नाव निवडून न थांबता आवृत्तीचा आकडाही निवडावा. तिसरी जागा मायक्रोसॉफ्टचा ‘अपडेट कॅटलॉग’. त्यात व्हीआयडी व पीआयडी घालून शोधता येते आणि जुन्या ड्रायव्हरांच्या प्रतीही पुष्कळदा मिळतात. या तिन्ही जागा सोडून ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात सुधारून देतो’ असे सांगणाऱ्या कार्यक्रमांच्या नादी लागू नये. त्यांतील कित्येक निरुपयोगी असतात, काही घातकही असतात. ज्याला गाभ्यात बसवावयाचे त्याची ओळख रस्त्यावर करून घेऊ नये.

इंटरनेटच नसताना ड्रायव्हर उतरवावा कसा, ही शंका रास्त आहे. त्याला उपाय त्या शेवटच्या दिवशी झाला तोच : मोबाइल तारेने जोडून त्यातील ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करणे.

येथे आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. नवा ड्रायव्हर तो चांगला ड्रायव्हर, असे नसते. आमच्या दुसऱ्या ॲडाप्टरवर विंडोजने आपण होऊन नवी प्रत बसविली होती. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीसाठी ठेवलेली प्रत तिच्याहून जुनी होती. तारखेवरून निर्णय करणेही फसवे असते. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कित्येक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख असते. मूळ कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर त्याला अग्रमान मिळावा, म्हणून ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे. याउलट, फार जुनेही चालत नाही. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे, त्यामुळे ३२-बिट ड्रायव्हर तेथे निरुपयोगी. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हा नवा ॲडाप्टर घेताना तो विंडोज ११ वर चालेल की नाही, हे आधीच पाहावे.

शिवाय प्रत्येक दोष दुभाष्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. वीज वाचविण्यासाठी विंडोज ॲडाप्टरला मधूनमधून झोपविते. ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावरील ती परवानगी काढून घेता येते. यूएसबी ३.० च्या खाचेतून व तारेतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, असे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले आहे. अशा वेळी ॲडाप्टर दुसऱ्या खाचेत लावणे, वीतभर जोडतारेने दूर नेणे, किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे हे उपाय आहेत.

इतकी कारणे संभवत असल्यामुळे आम्ही एक नियम केला : एका वेळी एकच बदल करावयाचा, आणि तो तारीख-वेळेसह वहीत लिहावयाचा. विंडोज १० पासून जोडणी कधी व का तुटली याचा मागील तीन दिवसांचा लेखाजोखा संगणक स्वतः देतो. व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली की झाले. प्रथम आम्ही झोपेची परवानगी काढली. जोडणी तुटण्याचे प्रमाण कमी झाले, पण थांबले नाही. नंतर खाच बदलली. फरक पडला नाही. मग पूर्वस्थितीवर परत जाता यावे म्हणून ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवला, चालू ड्रायव्हर त्याच्या धारिकांसह काढून टाकला, आणि आवृत्ती ताडून आणलेली कंपनीची जुनी प्रत बसविली. तीन दिवसांनी लेखाजोखा पाहिला, तो एकही तूट नव्हती. ड्रायव्हर बिघडलाच असता तर त्या ‘रिस्टोअर पॉइंट’वरून पूर्वस्थिती परत आणण्याची वाट मोकळी होतीच.

मित्रहो, ज्या मायक्रोसॉफ्टने विंडोज बनविली तिचे विकासकेंद्र १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे काम करील. मराठी शाळेतून आलो म्हणून यंत्राच्या दारात संकोचण्याचे काहीच कारण नाही. यंत्राला लागते ते नेमके नाव, योग्य दुभाषी आणि नोंद ठेवण्याची शिस्त. यांपैकी एकही गोष्ट विकत घ्यावी लागत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या अर्जाचे काम त्या दिवशी मोबाइलवर भागले, पण त्यात आमची तजवीज कमी आणि योगायोग अधिक होता. पुढील वर्षीच्या अर्जदाराला योगायोगावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून प्रत्येक ॲडाप्टरची आवृत्ती, दोन्ही क्रमांक आणि चाललेल्या ड्रायव्हरचे नाव लिहिलेली वही आता संगणक-खोलीच्या कपाटात ठेवली आहे. ड्रायव्हरची एक प्रतही पेनड्राइव्हवर जपली आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या कोणत्याही यूएसबी वस्तूचे व्हीआयडी व पीआयडी शोधून वहीत लिहा. खोक्यावरील नाव आणि कंपनी-क्रमांक एकाच कंपनीचे आहेत काय ते पाहा.

२. ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम आम्ही मोडला असता, तर कोणता निष्कर्ष काढता आला नसता? चार ओळींत लिहा.

३. ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ म्हणावे की ‘दुभाषी’? आपले मत सकारण मांडा.