कृतीचा दोष आणि प्रतीचा दोष

मागील भागात आपण चित्रपटाच्या कथनाचा विचार केला. आता एक अवघड प्रश्न पाहू. एखादा जुना भयपट घरी कॅसेट वा व्हीसीडीवर पाहून आपण ‘अगदीच टाकाऊ’ असा शेरा देतो. तो शेरा मूळ कृतीला लागू पडतो, की हाती आलेल्या प्रतीला?

उदाहरण मुद्दामच प्रतिष्ठा नसलेले घेतले आहे. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) अल्प खर्चात तयार झाला आणि भरपूर चालला. त्यातील सैतानी सामरीची भूमिका अनिरुद्ध अग्रवाल यांची. पुढच्याच वर्षी तेच नाव व तोच नट घेऊन ‘सामरी’ (१९८५) आला, आणि तोही त्रिमिती तंत्रात.

त्रिमिती चित्रपटात दोन डोळ्यांसाठी दोन किंचित भिन्न प्रतिमा असतात. खास चष्म्यामुळे प्रत्येक डोळ्याला आपापली प्रतिमा मिळते व खोलीचा भास होतो. साध्या कॅसेटवर यांपैकी एकच प्रतिमा उरते. मग प्रेक्षकाच्या अंगावर यावा म्हणून कॅमेऱ्याकडे रोखलेला पंजा घरच्या पडद्यावर नुसताच लांबवलेला दिसतो, आणि हा माणूस असा विनाकारण हात का पुढे करतो, असा प्रश्न पडून हसू येते. अंधाराचीही तीच गत. अंधार हे भयपटाचे भांडवल. परंतु व्हीसीडीचे चित्र जेमतेम ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, त्यामुळे काळोखाचे चौकोनी तुकडे पडतात. कॅसेटवरून कॅसेट उतरवत गेल्यास प्रत्येक पिढीत चित्र अधिक धूसर होते, ते वेगळेच.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा पेच नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठांत शिरलेली अशुद्धे दूर करण्यासाठी. लेखनिकाचा प्रमाद ग्रंथकर्त्याच्या माथी मारू नये, हे त्यामागील तत्त्व. (ज्ञानेश्वरीशेजारी सामरी बसवल्याबद्दल कोणी नाक मुरडेल, तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच.) आपल्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आज संपूर्ण उपलब्ध नाही, त्याच्या गतीविषयी बोलताना हे ध्यानात ठेवावेच लागते.

तथापि प्रतीच्या आड सारेच दडवता येणार नाही. ‘पुराना मंदिर’मध्ये शाप आहे, धडावेगळे केलेले शिर आहे, ते पुन्हा जुळण्याची धास्ती आहे, तेथील भयाला कारण आहे. ‘सामरी’त ही कथा पुढे सरकतच नाही. मालमत्तेसाठी झालेला खून व त्याचा सूड अशी निराळीच गोष्ट जुन्या नावाच्या बळावर उभी केली आहे. कितीही स्वच्छ प्रत मिळाली तरी हा दोष पुसला जाणार नाही. अल्प खर्च हा मात्र दोष मानू नका. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी तुटपुंज्या साधनांत ‘मालेगाव के शोले’ केला. त्यातील गरिबी विनोदाच्या कामी येते. ‘सामरी’त उणीव पैशांची कमी आणि कल्पनेची अधिक आहे.

स्वाध्याय : घरी पाहिलेल्या कोणत्याही एका उत्तरभागाचे सुमारे २०० शब्दांत परीक्षण लिहा. प्रथम प्रत कोणत्या माध्यमातील होती ते नोंदवा. नंतर आढळलेल्या प्रत्येक दोषापुढे ‘कृती’ किंवा ‘प्रत’ असे लिहा. जेथे ठरवता येत नाही, तेथे तसे स्पष्ट नमूद करा.