स्पोर्ट्‌स कार हिवाळ्यात झाकून ठेवावी की चालवावी?

नोव्हेंबर लागला की उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या वाचकांची पत्रे याच विषयावर येतात. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. सर्व तापमाने सेल्सियसमध्ये आहेत.

प्रश्न : डेट्रॉइटजवळ राहतो. बरीच वर्षे मनात असलेली मस्टँग यंदा घेतली. जुनी आहे, पण गंजाचा ठिपका नाही. सौ. म्हणते, एप्रिलपर्यंत झाकून ठेवा. ऑफिसातले म्हणतात, उभी गाडी लवकर खराब होते. दोन्हीकडचे ऐकून झोप उडाली आहे.

उत्तर : दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून गोंधळ होणे साहजिक आहे. नुसत्या थंडीने गाडीचे फारसे बिघडत नाही. कूलंट (इंजिन थंड राखणारे द्रव) आणि पाणी निम्मे-निम्मे असेल, तर ते उणे ३५ अंशांपर्यंत तग धरते. खरे नुकसान करते ते बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ. चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या दुमडीत, दारांच्या खालच्या कडांत आणि ब्रेकच्या नळ्यांवर त्याचा पांढरट थर बसतो, ओलावा धरून ठेवतो आणि गंज आतून लागतो. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत पत्रा बराच खाल्लेला असतो. अशी न धुतलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये आणखी वेगाने गंजते.

रोजच्यासाठी दुसरी गाडी आणि कोरडी जागा असेल, तर मस्टँग ठेवून द्या. नसेल, तर हिवाळी टायर बसवून ती निर्धास्त चालवा आणि तापमान शून्याच्या वर गेले की खालून नीट धुऊन घेत जा. दोन्ही मार्ग योग्य आहेत. नुकसान होते ते अर्धवटपणाने: ठेवायची पण तयारी न करता, चालवायची पण उन्हाळी टायरांवर.

प्रश्न : टोरांटोत जानेवारीत लख्ख ऊन पडले होते, रस्ता कोरडा होता, म्हणून गाडी बाहेर काढली. तापमान उणे दहा. कोपऱ्यावर हळू वळतानाही मागची बाजू सटकली. शेजारी मुलगी बसली होती. धडक झाली नाही, पण अजून धसका गेलेला नाही. टायर तर नवे कोरे आहेत!

उत्तर : दोघे सुखरूप आहात, हे महत्त्वाचे. तुमचे हात चुकले असे मानू नका. या थंडीत त्या टायरांना पकडच नव्हती. उन्हाळी टायरचे रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागते आणि कोरड्या रस्त्यावरही घसरते. टायर नवा असला तरी यात फरक पडत नाही. उणे ७ च्या खाली तर गाडी नुसती हलवली तरी अशा रबराला तडे जाऊ शकतात.

टायरच्या नक्षीतल्या खाचांमध्ये, अगदी मुळाशी, बारीक तडे दिसतात का ते उजेडात पाहा. गाडी पुन्हा चालवण्यापूर्वी टायरच्या जाणकाराकडून तपासून घ्या. तडे असतील तर टायर बदलावेच लागतील. हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फातून निघते चांगली. थांबताना मात्र तिची भिस्तही टायरांवरच असते.

प्रश्न : शिकागोला आमच्याकडे सासरे पुण्याहून आले आहेत. ते म्हणतात, दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवा, त्यांची फियाट अशीच टिकली. गॅरेज घराला लागून आहे. दार थोडे वर करून गाडी सुरू करतो. परवा वरच्या खोलीत बायकोचे डोके जड झाले. याचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, म्हणून हे आजपासून बंद करा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड (रंग-वास नसलेला विषारी वायू) असतो. तो घरात शिरतो आणि दार उघडे ठेवले तरी धोका टळत नाही. पत्नीला डॉक्टरांकडे न्या आणि गॅरेजमधल्या इंजिनाची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. इंजिन चालू असताना कोणाला डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ जाणवली, तर सर्वांनी लगेच घराबाहेर पडून ९११ ला फोन करावा. झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूचा अलार्म बसवा.

गाडीलाही याचा फायदा नाही. दहा मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, जळण्यातून तयार झालेले पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचते, आणि सुरू करताना खर्ची पडलेली वीज बॅटरीला धड परत मिळत नाही. त्याऐवजी बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवून आपोआप थांबणारा चार्जर) लावा. भरलेली बॅटरी उणे ५० पर्यंतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे ७ च्या आसपासच गोठू शकते. गोठलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, ती फुटू शकते, मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : म्युनिकहून तीन महिन्यांसाठी पुण्याला जात आहे. बॉक्स्टरला हंगामी नंबर प्लेट आहे. इमारतीखालच्या गॅरेजमध्ये विजेचा प्लग नाही. परत येईन तेव्हा गाडी मेलेली असेल, अशी भीती वाटते.

उत्तर : तयारी करून ठेवलेली गाडी तीन महिने सहज राहते. वरून-खालून धुऊन पूर्ण वाळवा. जुन्या तेलात आम्ल आणि पाणी असते, म्हणून तेल आताच बदला. टाकी जवळजवळ भरा, तीत स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळे होऊ न देणारे रसायन) घाला आणि पंधरा मिनिटे गाडी फिरवा, म्हणजे ते इंजिनापर्यंत पोचेल. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेत. हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना अडण्या लावा, नाहीतर ब्रेक चिकटतात. वरून हवा खेळेल असे कापडी कव्हर घाला; प्लास्टिक नको.

प्लग नसल्यामुळे बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवा. बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत असते. डिकीचे कुलूप विजेवर चालत असेल, तर बॅटरी उतरल्यावर ती कशी उघडायची, हे आधीच माहितीपुस्तकात पाहून ठेवा. जर्मनीत हंगामाबाहेर ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. या काळात विमा कशाकशाला लागू राहतो, हे कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीत मार्चमध्ये कव्हर काढले, तर एअर फिल्टरच्या डब्यात सीटचा कापूस कुरतडून उंदराने घर केलेले आणि गालिच्यावर लेंड्या. मुले याच गाडीत बसून खेळत होती. आता काय करू?

उत्तर : घाबरू नका, मात्र व्हॅक्यूम किंवा झाडू फिरवू नका. अमेरिकेतले काही उंदीर हंटा विषाणू वाहतात आणि धूळ उडाली तर तो श्वासावाटे जाऊ शकतो. लागण क्वचितच होते. दारे उघडून गाडीत अर्धा तास हवा खेळू द्या, हातमोजे घाला, लेंड्यांवर ब्लीचचे पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटांनी पुसून घ्या. पुढच्या आठ आठवड्यांत मुलांपैकी किंवा मोठ्यांपैकी कोणाला ताप आणि अंगदुखी झाली, तर त्वरित डॉक्टरांना गाठा आणि उंदरांचा उल्लेख करा.

इंजिन सुरू करू नका. कुरतडलेल्या तारांमुळे आग लागू शकते; गाडी टो करून मेकॅनिककडे न्या. पुढच्या वर्षी गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका, हवा आत घेणारी नळी आणि सायलेन्सरचे तोंड स्टील वूलने बंद करा आणि तशी चिठ्ठी स्टीअरिंगला बांधा. विष ठेवू नका. उंदीर आतच मरतो. दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीत ब्रेक थोडे खरखरतील. तो वरवरचा गंज असतो, दोन-चारदा हलके दाबल्यावर जातो. पेडल मऊ लागले किंवा खाली गेले, तर मात्र मेकॅनिकने पाहीपर्यंत गाडी जागची हलवू नका.