उद्याची विद्या

गोदावरीच्या काठी वसलेले कोपरगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. हा प्रदेश कमी पावसाचा. एके काळी येथील विहिरींवर बैलांच्या मोटा चालत. एका मोटेमागे अनेकांचे कसब उभे असे. चर्मकार कातड्याची मोट शिवी, सुतार चाक घडवी, लोहार लोखंडी कडे करून देई. मुलगा बापाजवळ बसून तेच काम शिके. जातीने ठरवून दिलेल्या धंद्याबाहेर पडण्याची वाट बहुतेकांना बंदच होती. बापाचे दिवस गेले तसेच मुलाचेही जातील, असे सर्वजण धरून चालत.

परंतु काळ थांबला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी गोदावरीचे पाणी शिवारात आणले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. १९३९ साली गोदावरी शुगर मिल्सची स्थापना झाली व साकरवाडी येथे साखर कारखाना निघाला. पुढे शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर कारखाने उभारले. साखर करताना उरणाऱ्या मळीपासून अल्कोहोल व अल्कोहोलपासून रसायने तयार होऊ लागली. विहिरींवर विजेचे पंप बसले. २०१७ साली तालुक्यातील काकडी येथे विमानतळ सुरू झाला. २०२२ साली समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. तोही या तालुक्यातून जातो.

मोट थांबली, तेव्हा ती शिवणाऱ्या हातांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्या कारागिराने आपल्या नातवाला कोणती विद्या द्यावयास हवी होती? विजेचा पंप त्याने स्वप्नातही पाहिला नव्हता. मग तो काय शिकविणार?

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कामातच होते. मोटेचा टाका घालणे ही त्याची एक विद्या. कातड्याची पारख करणे, माप अचूक घेणे, पाणी कोठून गळते ते शोधणे आणि चुकलेले उसवून पुन्हा शिवणे, ही दुसरी. पहिली विद्या मोटेबरोबर गेली. दुसरी मात्र कोणत्याही कामी पडण्याजोगी होती. हातपंपातही चामड्याचा वायसर बसवीत, आणि तेथेही पाणी गळू न देणे हेच काम होते.

ही दुसरी विद्या शाळेत आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. सर्व जातींची मुले त्यांच्या वसतिगृहात एकत्र राहिली आणि श्रम करून शिकली. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची शिकवण कोपरगावातील रयतच्या विद्यालयांपर्यंतही पोहोचली.

पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे विद्यार्थी लोखंड जोडतात, वीजजोडणी करतात, माती तपासतात, जनावरे सांभाळतात आणि रक्तातील हिमोग्लोबिनही मोजतात. फाटक करताना माप चुकले, तर ते चौकटीत बसत नाही. चूक डोळ्यांसमोर उभी राहते आणि गणित व विज्ञान आपोआप आठवते. अनेक कामे केलेल्या मुलाला नव्या कामाचे भय वाटत नाही.

एक काम मात्र पुरते यावयास हवे. सगळ्याला हात लावून काहीच न येणे हे शिक्षण नव्हे. आणि काळ बदलला, तर चाळिसाव्या वर्षीही शिकण्याची सोय समाजाने ठेवली पाहिजे. मोट शिवणाऱ्याला ती मिळाली नाही. उद्या कोणते यंत्र येईल, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. पण ज्याचे हात कामाला सरावलेले आहेत आणि ज्याला नवे शिकण्याची लाज वाटत नाही, तो त्या यंत्रापुढे गोंधळून उभा राहणार नाही.

शब्दार्थ
कसब – कौशल्य. मोट – बैलांच्या साहाय्याने विहिरीतून पाणी काढण्याचे कातड्याचे साधन. मळी – साखर तयार करताना उरणारा दाट, काळसर द्रव.

अभ्यास
१. कालव्यांमुळे कोपरगावच्या शेतीत कोणता बदल झाला?
२. मोट शिवणाऱ्याच्या दोन विद्या कोणत्या? त्यांपैकी कोणती टिकण्याजोगी होती व का?
३. तुमच्या गावातील बंद पडलेल्या एका धंद्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.